पिप्प्याचे कडी-कोयंडे

कीटमधले मडगार्ड व्हर्नियरच्या चिमट्यात धरले तेव्हा ते पाऊण मिलिमीटर जाड भरले. मॉडेल १/३५ या प्रमाणातले, म्हणजे खऱ्या मापात तो पत्रा २६ मिलिमीटरचा झाला. ज्या पीटी-७६ रणगाड्याचे हे मडगार्ड, त्याच्या बगलेचे चिलखत १५ मिलिमीटरच्या आसपास. खेळण्यातले मडगार्ड खऱ्याच्या चिलखताहून दणकट! शत्रूने गोळी झाडलीच तर आपण या मडगार्डाआड उभे राहावे, असा हिशोब निघाला.

यात कीट बनवणाऱ्याचा दोष नाही. वितळलेले पॉलिस्टायरीन पोलादी साच्यात दाबाने घुसते आणि फट फार अरुंद असली तर तिथे पोचायच्या आधीच थिजते. त्यामुळे पातळ पत्रा, बारीक कडी, जाळी, साखळी या गोष्टी प्लास्टिकमध्ये एक तर जाड होतात, नाही तर अंगावरच्या पुटकुळीसारख्या नुसत्या उठावात उरतात. धरायच्या कडीच्या खालून हात जायला हवा, पण तिथे भरीव ढेकूळ असते. तपशिलाच्या भागांचा सगळा धंदा आणि सगळे वेड या फटीतून जन्मले आहे.

मी हे वेड घेऊन कोलकात्याला बदलीवर आलो. भवानीपूरला जुन्या वाड्यातली एक खोली, लाल गुळगुळीत जमिनीची, आणि खिडकीजवळ एक टेबल. रोजचा रस्ता मैदानाच्या कडेने जायचा. डावीकडे झाडांमागे फोर्ट विल्यमचे गवताळ तट. किल्ला म्हटले की आपल्याला डोंगर लागतो; हा सपाटीवर जमिनीत रुतून बसलेला अष्टकोन आहे. १७५६ मध्ये सिराजउद्दौल्याने जुना किल्ला घेतल्यावर इंग्रजांनी १७५८ पासून हा नवा बांधायला घेतला आणि तोफांना मोकळा मारा मिळावा म्हणून समोरचे रान साफ केले. तेच आजचे मैदान. पुढे या तटावरून कुणा शत्रूवर तोफ डागायची वेळ आलीच नाही असे सांगतात. आत भारतीय सैन्याच्या पूर्व विभागाचे मुख्यालय आहे. अलीकडे किल्ल्याचे नाव विजय दुर्ग झाले, आपल्या सिंधुदुर्गातल्या विजयदुर्गावरून. आणि दक्षिणेकडचा सेंट जॉर्जेस गेट आता शिवाजी द्वार आहे. बसच्या खिडकीतून त्या बाजूला पाहताना मराठी माणसाला जे वाटायचे ते वाटतेच. कंडक्टर मात्र अजून 'फोर्ट विल्यम'च ओरडतो.

पीटी-७६ निवडायचे कारण या तटांच्या आतच आहे. १९७१ चे पूर्वेकडचे युद्ध लेफ्टनंट जनरल जगजितसिंग अरोरा यांनी इथून चालवले. त्यांचे चीफ ऑफ स्टाफ मेजर जनरल जेकब इथेच बसत. नकाशावरचा पूर्व बंगाल म्हणजे नद्यांचे जाळे. त्या मुलखाला साजेसा रणगाडा होता हा रशियन पीटी-७६. वजन साधारण १४ टन, माणसे तीन, तोफ ७६.२ मिलिमीटरची आणि मागच्या बाजूला पाण्याचे दोन झोत सोडणारी यंत्रणा. नाकावरची फळी उभी केली की गडी थेट नदीत उतरतो. आपल्या जवानांनी त्याचे नाव ठेवले पिप्पा. तुपाचा रिकामा डबा पाण्यावर तरंगतो, तो पिप्पा.

युद्ध अधिकृतपणे सुरू व्हायच्या आधीच, २१ नोव्हेंबर १९७१ च्या पहाटे, या पिप्प्यांनी गरीबपूरची लढाई लढली. ते ठिकाण फोर्ट विल्यमपासून सरळ रेषेत १०० किलोमीटरही नाही. १४ पंजाब पलटणीबरोबर ४५ कॅव्हलरीचा एक स्क्वाड्रन होता, १४ पीटी-७६. दाट धुक्यातून पाकिस्तानचे अमेरिकी बनावटीचे चॅफी रणगाडे चालून आले. दिवस वर येईपर्यंत त्यांचे १४ चॅफी जळाले होते किंवा हाती लागले होते. आपलेही काही पिप्पे गेले. स्क्वाड्रनचे प्रमुख मेजर दलजितसिंग नारंग झाकणाबाहेर उभे राहून लढाई हलवत होते, तिथेच ते मशीनगनच्या गोळ्यांनी पडले. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळाले. त्या स्क्वाड्रनमधले तेव्हाचे कॅप्टन बलरामसिंग मेहता यांनी पुढे या लढाईवर 'द बर्निंग चॅफीज' हे पुस्तक लिहिले आणि २०२३ मध्ये त्यावरून 'पिप्पा' हा चित्रपट आला.

'झाकणाबाहेर उभे राहून' हे तीन शब्द मी सहज लिहून गेलो. मॉडेल करणाऱ्याला त्या तीन शब्दांत महिनाभराचे काम दिसते. पीटी-७६ च्या बुरुजावर दोघांना पुरेल असे एक मोठे लंबवर्तुळाकार झाकण असते आणि ते पुढच्या बाजूला उघडते. त्यातच कमांडरचा फिरता कपोला, त्यात तीन पेरिस्कोप. झाकण उघडे दाखवायचे ठरले की त्याच्या आतल्या अंगाचे बिजागर लागते, उघडे राहावे म्हणून अडकवायची कडी लागते, आत डोकावले तर तोफेचा मागचा भाग दिसायला लागतो, आणि तो दिसला तर बाजूची बैठक का नाही असा प्रश्न येतो. एक झाकण उघडले की अख्खा संसार मांडावा लागतो. म्हणून शहाणी माणसे झाकणे बंद ठेवतात. शहाणी माणसे या छंदात कमी.

आता हे १/३५ प्रमाण कुठून आले, ते सांगतो; ऐकून अनेकांचा विरस होतो. जपानच्या शिझुओका गावातल्या तामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मन पँथर रणगाड्याचा कीट काढला. तो मोटरवर चालणारा होता. आत मोटर आणि बॅटऱ्या मावतील एवढा डबा केला आणि नंतर मोजून पाहिले तर प्रमाण साधारण १/३५ निघाले. शुनसाकू तामिया यांनीच ही हकिगत सांगून ठेवली आहे. बॅटरीच्या मापावरून ठरलेला हा आकडा पुढे जगभरच्या रणगाडा-मॉडेलांचा पाया झाला. या प्रमाणात पीटी-७६ चे धड सुमारे २० सेंटिमीटर लांब आणि ९ सेंटिमीटर रुंद होते, माणूस पाच सेंटिमीटरचा. वजनाचा हिशोब करायचा तर ३५ चा घन घ्यावा लागतो: १४ टनांचे सुमारे ३२५ ग्रॅम. मॉडेल त्याहून हलके राहिले आणि सांधे बंद असले तर तेही तरंगते. मी बादलीत सोडून पाहिले आहे. तरंगले, जरा उजवीकडे कलून.

चिनी ट्रम्पेटर कंपनीने पीटी-७६ चे वेगवेगळे प्रकार या प्रमाणात काढले आणि तोवरच्या हालअपेष्टा संपल्या. प्रकार ओळखायची जागा म्हणजे तोफेचे तोंड. अगदी सुरुवातीच्या नळीला खूप खाचांचा, किसणीसारखा मझल ब्रेक होता. पुढे दोन पाळ्यांचा आला आणि नळीच्या तोंडाजवळ धूर ओढून घेणारा फुगवटा चढला. चुकीची नळी लावली तर उरलेला सगळा रणगाडा बरोबर असूनही माणूस दुसऱ्याच फौजेत भरती होतो.

तपशिलाच्या भागांची सुरुवात म्हणूनच बहुधा नळीपासून होते. कीटमध्ये नळी दोन उभ्या फाकांत येते. चिकटवून सांधा घासायला घेतला की वरून-खालून झिजते आणि गोल नळी अंडाकृती होते. त्यावर उपाय म्हणजे लेथवर कातलेली अॅल्युमिनियमची नळी. भोक आरपार, गोलाई पक्की. या छंदात पैसे टाकून निर्धास्त होण्यासारखी ही एकच वस्तू आहे असे माझे मत आहे. बाकी सगळ्याला हात लागतो.

मुख्य मानकरी पितळी पत्रा. मॉडेलवाले त्याला नुसते 'पीई' म्हणतात. दहावा भाग ते पाचवा भाग मिलिमीटर जाडीचा पितळी पत्रा घेतात, दोन्ही अंगांना प्रकाशाने बदलणारा लेप देतात, वर नकाशाची फिल्म ठेवून अतिनील प्रकाश पाडतात. लेप जिथे धुऊन जातो तिथले पितळ आम्ल-रसायन खाते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर प्रिंटेड सर्किट करणारी मुले जे फेरिक क्लोराईड विकत घेतात, तेच. दोन्ही बाजूंनी खाल्ले की आरपार भोक पडते. एकाच बाजूने खाल्ले की अर्धी जाडी उरते, आणि नेमकी तीच घडीची रेघ होते. चेक देशातली एड्वार्ड कंपनी १९८९ पासून या कामात आहे. पोलंड, चीन, जपान इथेही कारखाने आहेत. त्याआधी बेल्जियमच्या फ्रान्स्वा व्हर्लिंडन यांनी रेझिनचे ओतीव भाग विकून रणगाड्यांवर सामान लादायची आणि जखमा करायची एक पिढीभर फॅशन आणली होती.

पाकीट उघडले की तळहाताएवढा पितळी पत्रा, त्यावर शंभरावर भाग आपापल्या चौकटीत अडकलेले. पोस्टाच्या तिकिटांचा ताव वाटावा. कात्रीने तोडायचा मोह होतो, पण भाग वाकतो. म्हणून काचेवर ठेवून धारदार पात्याने एकेक बंध दाबून तोडायचा, मग टोक कानशीने साफ करायचे. वाकवताना पितळ कडकपणा दाखवते. मडगार्डाची कड गोल वळवायची असेल तर आधी त्याला ताव द्यावा लागतो: मेणबत्तीवर किंवा गॅसवर तांबूस होईपर्यंत तापवून निवू द्यायचे. पुण्याच्या तांबट आळीत ठोक्या-ठोक्यांनी कडक झालेले भांडे पुन्हा भट्टीत घालतात ते याच कारणाने. तिथे घागर असते आणि इथे नखाएवढी पट्टी, पण धातूला त्याचे काही नसते. मऊ झाले की पितळ कापडासारखे वळते, आणि चूक झाली तर कापडासारखेच चुरगळते.

चिकटवायला सायनो, म्हणजे सुपरग्लू. मोठ्या भागांना झाळ दिलेली बरी, कारण सायनोचा सांधा ओढ सहन करतो पण टक्कर सहन करत नाही. सायनो बाटलीतून लावला तर भागच बुडून जातो. सुईचे नेढे अर्धे कापून त्याचा दुबेळका करायचा, त्यात मावेल तेवढाच थेंब. पीटी-७६ च्या नाकावरच्या फळीला उभे धरणारे दांडे, दिव्यांवरच्या जाळ्या, मागच्या पिंपांचे पट्टे, अवजारे बांधायच्या चिमट्या. शेवटच्या चिमट्या हा खास छळ आहे. एकेक चिमटी तीन तुकड्यांची, त्यातला एक तुकडा मोहरीपेक्षा लहान. माझ्या चिमट्यातून असा एक तुकडा उडाला तो टिंग आवाज करून त्या लाल जमिनीवर कुठे तरी गेला. बॅटरी जमिनीला टेकवून तिरपा प्रकाश पाडला, केरसुणी लावली, केर पांढऱ्या कागदावर चाळला. केरात घरमालकीणबाईंची हरवलेली टिकली सापडली. चिमटी नाही.

इथे माझे एक भांडण आहे आणि ते मी लपवत नाही. पितळ आहे म्हणून वापरायचे, हे मला पटत नाही. पत्र्याची वस्तू पितळेत करावी. गोल वस्तू करू नये. संचात फावड्याचा दांडाही सपाट पितळेचा येतो, चावीही, साखळीही. लावल्यावर ते कागदाचे कापून चिकटवल्यासारखे दिसते. तिथे प्लास्टिकचेच फावडे घ्यावे, त्याचे पाते घासून पातळ करावे. तरीही माणसे अख्खा पत्रा संपवतात, कारण पैसे मोजलेले असतात. आपल्याकडे जरा जास्तच मोजलेले असतात. सीमाशुल्काच्या यादीत ही मॉडेले खेळण्यांच्या रांगेत बसतात. त्यावरचा मूळ कर २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाला आणि २०२३ मध्ये ७० टक्के. त्यात २०२१ पासून खेळण्यांना गुणवत्तेचे प्रमाणपत्र सक्तीचे. शेंबड्या पोराने गिळू नये म्हणून केलेल्या नियमाच्या चाळणीत पन्नाशीचे गृहस्थ अडकले. माझे एक पाकीट असे अडीच महिने फिरत होते.

त्या अडीच महिन्यांनी मात्र मला जुन्या वाटेला लावले, त्याबद्दल तक्रार नाही. आपण मराठी माणसे दिवाळीत अंगणात किल्ला करतो. त्यात कुणी तटाचे दगड विकत आणत नाही. चिखल, पोत्याचे तुकडे, अळीव, आरशाच्या तुकड्याचे तळे. हे प्रमाणबद्ध मॉडेलच आहे, फक्त मावळे तटाच्या दुप्पट उंच असतात. त्या हाताला कच्चा माल शोधायची सवय असते. मी चांदनी बाजारात गेलो आणि विजेच्या लवचीक वायरचे तीन-चार नमुने हातभर हातभर आणले. आवरण सोलले की आत केसांसारख्या तांब्याच्या तारा. बुरुजावर पायदळाला धरायला ज्या कड्या असतात त्या खऱ्यात १२ मिलिमीटर जाड धरल्या तर मॉडेलवर ०.३४ मिलिमीटर. मोजत मोजत एक तार ०.३५ ची सापडली. दिव्याला जाणारी वायर त्याहून बारीक, ती दुसऱ्या नमुन्यात. अँटेनाचे बूड इंजेक्शनच्या सुईचे. पिंपाचे पट्टे औषधाच्या गोळ्यांच्या फॉइलचे. ती पितळेपेक्षा मऊ असल्यामुळे पट्ट्यासारखी लोळते. ताडपत्री टिश्यू पेपरची, पातळ फेव्हिकॉलमध्ये भिजवून. आणि एम-सील! नळापासून टाकीपर्यंत सगळ्या भारताची गळती थांबवणारी ही लांबी मॉडेलवरही तितकीच इमानी. तिची सुतासारखी वळी करून सांध्यावर बसवायची, पाणी लावलेल्या पात्याने आडवी टोचत जायची, की वेल्डिंगची रेघ तयार.

वेल्डिंगच्या रेघेबद्दल थोडे थांबायला हवे, कारण डोळा इथे तयार होतो. पीटी-७६ चा बुरूज पत्रे वाकवून जोडलेला, छाटलेल्या शंकूसारखा आहे. त्याचे अंग गुळगुळीत आणि सांध्यावर वेल्डिंगचे खवले. टी-५५ चा बुरूज ओतीव. त्याचे अंग संत्र्याच्या सालीसारखे खरबरीत. पातळ लांबी ब्रशने ठोकून हे खरबरीतपण आणतात. नवखा माणूस उत्साहात पिप्प्यालाही ते ठोकतो आणि त्याचा रणगाडा भट्टीतून आल्यासारखा दिसतो. तपशील वाढवला आणि खरेपण कमी झाले. मॉडेलवर लावलेला प्रत्येक भाग हे एक विधान असते: ही कडी इथे होती, एवढी जाड होती, अशी वळलेली होती. संच विकत घेतला की ती विधाने दुसऱ्याची असतात, आणि बहुतेक वेळा रशियातल्या किंवा पोलंडमधल्या संग्रहालयात उभ्या असलेल्या कुठल्या तरी रणगाड्याची असतात. गरीबपूरच्या शेतातल्या भारतीय रणगाड्याबद्दल त्या पत्र्याला काही ठाऊक नसते.

म्हणून मग खरे रणगाडे पाहायचे. फोर्ट विल्यममध्ये परवानगीशिवाय जाता येत नाही, आणि लष्करी आवारात कॅमेरा काढायचा विचारही करू नये. पूर्वेकडच्या दारापाशी विजय स्मारक आहे. १६ डिसेंबरला तिथे पुष्पचक्रे वाहतात, बांगलादेशातून वृद्ध मुक्तियोद्धे येतात. रणगाडा हात लावून पाहायचा तर आपल्या मुलखात यावे लागते, अहिल्यानगरला. तिथले रणगाडा संग्रहालय फेब्रुवारी १९९४ मध्ये जनरल बिपिनचंद्र जोशी यांच्या हस्ते सुरू झाले. चिलखती दलाचे केंद्र आणि शाळा १९४८ पासून या गावात. त्यामुळे इथला संग्रह दांडगा. रोल्स-रॉइसची चिलखती मोटार, ब्रिटिश माटिल्डा आणि व्हॅलेंटाइन, जपानी हा-गो आणि ची-हा, पकडलेले पॅटन, आपला विजयंता. पीटी-७६ आहे आणि चॅफीही. उन्हात चांगले तापलेले पत्रे. दुपारी बाराला कडीला हात लावला तर फोड येईल.

मी सुट्टीत दोनदा गेलो, खिशात कपडे शिवायची टेप घेऊन. पहिल्या खेपेला जे जे दिसले ते ते टिपून आणले आणि कोलकात्याला जाऊन निम्मे खोडले. कारण प्रदर्शनातला रणगाडा हा थोडा खोटा साक्षीदार असतो. त्याच्यावर दर वर्षी-दोन वर्षांनी रंगाचा हात फिरतो. थरावर थर चढून वेल्डिंगच्या रेघा बुजतात, बोल्टांची षटकोनी डोकी गोल होतात. झाकणे वेल्डिंगने बंद केलेली असतात, म्हणजे मुले आत पडायला नकोत. पेरिस्कोपच्या काचेवरूनही रंग गेलेला असतो. अवजारे कधीच नाहीशी झालेली. त्यांच्या चिमट्यांचे रिकामे खुंट मात्र जागेवर असतात, आणि ते खुंट मोजले की हरवलेल्या कुदळीची लांबी कळते. हे कळले तेव्हा मला फार आनंद झाला होता. शेजारी उभ्या असलेल्या शाळेच्या सहलीला तो समजावून सांगायचा प्रयत्न केला, पण त्यांना जेवायला जायचे होते.

उरतात फोटो. १९७१ चे, काळे-पांढरे, दाणेदार. रणगाड्यावर बसलेले जवान, भोवती लुंगीतली गर्दी. या फोटोंनी मला संचातल्या निम्म्या वस्तू काढायला लावल्या. चिमट्यांत नीट अडकवलेली अवजारे कुठे दिसत नाहीत. दिसतात वळकट्या, पत्र्याचे डबे, दोर, जाळी, झाडाच्या फांद्या. मडगार्ड वाकलेले. इथे पितळाचे खरे मोल कळते: प्लास्टिकचे मडगार्ड वाकवायला गेलात तर पांढरे पडून तुटते, पितळेचे मडगार्ड चिमट्याने दाबले की भिंतीला घासल्यासारखे वाकते. डाव्या बाजूचा पुढचा कोपरा मी असा आत मुडपला. करायला चार सेकंद लागली आणि धीर व्हायला आठवडा.

कोलकात्यात असताना कुमारटुलीला, मूर्तिकारांच्या वस्तीत, न जाऊन चालत नाही. तिथे मूर्तीच्या साजाला 'डाकेर साज' म्हणतात. एके काळी तो चंदेरी पत्रा जर्मनीहून डाकेने यायचा, म्हणून डाकेचा साज. कारागीर त्या पत्र्याची फुले, पाकळ्या, किनारी कापून देवीच्या मुकुटावर चढवत. परदेशातून पोस्टाने आलेला चमकता पत्रा, चिमटा, गोंद आणि मान मोडून बसलेला माणूस. मी जरा वेळ त्या गल्लीत उभाच राहिलो. फरक एवढाच की त्यांचा साज झळकण्यासाठी असतो आणि माझ्या पितळावर शेवटी हिरवा रंग बसतो. रंगाआधीच्या मॉडेलचा फोटो मात्र सगळेच काढून ठेवतात: हिरवट प्लास्टिक, पिवळे पितळ, लाल तांबे, राखाडी एम-सील. कुठे काय आपण केले ते त्या एका फोटोत दिसते. मग प्रायमर मारला की सगळे एकजात. कोलकात्याच्या पावसाळ्यात तोही मारू नये. दमट हवेने लॅकरवर पांढरट ढग येतो. मी दुर्गापूजेपर्यंत थांबलो.

तोवर मॉडेल कुठल्या प्रसंगात मांडायचे ते ठरले होते. गरीबपूर नाही, धुके करता येत नाही, आणि मेजर नारंगांचे मरण माझ्या टेबलावर मांडायला मन घेईना. मी मेघना घेतली. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात जनरल सगतसिंगांची ४ कोअर आशुगंजपाशी पोचली तेव्हा पूल उडवलेला होता. पायदळ हेलिकॉप्टरने पलीकडे गेले. ६३ कॅव्हलरीचे पीटी-७६ पाण्यात उतरले. पोहणारा रणगाडा, पण नदी मेघना. अर्ध्या तासाच्या पोहण्याने इंजिने तापली आणि पिप्पे पाण्यात नुसते तरंगत राहिले. मग गावकऱ्यांच्या होड्यांनी त्यांना ओढून नेले. युद्धाचे पाठ्यपुस्तक लिहिणाऱ्याला यात काय वाटेल कोण जाणे, मला मात्र सगळ्या युद्धातले हेच चित्र दिसत राहते: पोलादी रणगाडा, पुढे लाकडी होडी आणि मध्ये एक दोर.

आता या दोराचा संच कोण विकणार? कीटमध्ये पोलादी ओढदोर होता, तो निरुपयोगी. होडीवाल्याकडे तागाचा दोर असणार. २५ मिलिमीटरचा धरला तर मॉडेलवर ०.७. सुतळीचा एक तंतू सोडवून पाहिला, तो लवदार; १/३५ ला त्या लवा हातहात लांब गवतासारख्या दिसतात. शेवटी सुती दोऱ्याचे तीन पदर पीळ देऊन, मेण लावून, बोटांत घासून केला. रंग आणि जाडी जमली. पण रणगाड्याच्या हुकाला तो कसा बांधला असेल? मी बांधलेली गाठ पोत्याला मारतात तशी होती. मेघनेच्या धारेत ती गाठ टिकली नसती, किंवा टिकली असती तर सुटली नसती.

फोर्ट विल्यमची एक बाजू हुगळीकडे आहे. वॉटर गेटच्या पुढे रस्ता, चक्रीरेल्वेचे रूळ, आणि जरा खाली प्रिन्सेप घाट. तिथे संध्याकाळी हौशी लोकांना फिरवणाऱ्या होड्या असतात. एका रविवारी सकाळी, गिऱ्हाईक नसताना, मी खिशातून दोऱ्याचा तुकडा आणि पितळेचा हुक काढून एका म्हाताऱ्या माझीपुढे, म्हणजे नावाड्यापुढे, धरला. माझ्या मोडक्या बांगलात सांगितले की ओढायचे आहे, जड आहे. त्याने हुक डोळ्यांजवळ नेला, मग माझ्याकडे पाहिले.

"की टानबे, दादा?"

मी म्हटले, टँक. तो हसला नाही. माझा दोरा त्याने परत दिला, कारण त्याच्या बोटांत तो मावेना. होडीच्या नाकाजवळचा खरा दोर घेतला, वल्ह्याच्या खुंटीला हुक मानला, दोराचा फास एकदा वळवून घातला, त्याच्यावरून दुसरा, आणि मोकळे टोक आत खोचले. मला ओढायला सांगितले. मी दोन्ही हातांनी ओढले. होडी हलली, गाठ घट्ट झाली. मग त्याने खोचलेले टोक धरून एक झटका दिला आणि सगळा दोर सुटून त्याच्या मांडीवर पडला.

"आबार कोरबो?" त्याने विचारले. मी वही काढली आणि त्याला तीनदा बांधायला लावले.